उत्तर उताराची राखण

ऑगस्ट लागला तसा आर्व्हिलचा रोज सकाळी एकच प्रश्न सुरू झाला.

"लाल झाली?"

ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत तो बसलेला असायचा. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर रेडिओ. नात रात्री झोपली का, सुनेच्या पोटात काही गेलं का, हे सगळं नंतर.

"नाही पॅप. हिरवीच आहेत अजून," रेना म्हणायची.

"सगळी?"

"सगळी."

"हं," म्हणून तो रेडिओचा कान पिळायचा आणि रेना जूनीला पाठीवर बांधायला घ्यायची. दीड वर्षाची पोर, नेमके दात येत होते. तिला बांधणं म्हणजे मांजराला पिशवीत घालणं. एक पाय आत घातला की दुसरा बाहेर.

घरामागच्या डोंगराच्या उत्तर उतारावर, मेपलच्या गर्द सावलीत, आर्व्हिलनं जिनसेंग राखलं होतं, औषधाला सोन्याच्या भावानं विकली जाणारी मुळी. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या खोऱ्यात त्याला सगळे नुसतं 'सँग' म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून, घरातून पळून गेलेल्या मुलीचं नाव घ्यावं तसं. कुणाचं सँग कुठं आहे हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली मागणं.

पूर्वी तो अख्खा उतार सँगनं भरलेला होता. मग एका उन्हाळ्यात आर्व्हिलची बायको, ओमा, शहरातल्या हॉस्पिटलात पडली. तो तिच्या उशाशी बसून राहिला. तिला पुरून घरी आला तेव्हा डोंगर कुणीतरी रानडुकरांसारखा उकरून ठेवला होता. राहिली होती ती पडलेल्या एका ओंडक्याच्या आडची चार-दोन रोपं. त्यांचीच फळं वेचून त्यानं दरवर्षी थोडं थोडं बी लावलं. हरणांनी खाल्लं, टर्की पक्ष्यांनी उकरलं, तरी लावलं. सँग ही काही मुळ्याची भाजी नव्हे. बी मातीत गेलं की दुसऱ्या वसंतापर्यंत उगवत नाही, आणि उगवल्यावरही मूळ भरायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तेवढ्यात माणूस म्हातारा होतो. आर्व्हिल झाला. खाणीतल्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली, आणि आता ओसरीच्या पायऱ्या उतरायलाही त्याला मध्ये थांबावं लागे.

आणि नेमकं यंदा त्या थोरल्या रोपांनी फळं धरली होती. कधी नव्हे इतकी, घोसच्या घोस.

"यंदाचं बी उतारभर पडलं की मी सुटलो," तो म्हणायचा. "मग वरच्यानं मला खुशाल बोलवावं."

पण बी कच्चं काढून चालत नव्हतं. हिरवं फळ म्हणजे पोकळ बी. ती लाल व्हायला हवीत. लाल झाली की वेचायची, पेरायची, आणि लगेच झाडांची पानं-देठ खुडून टाकायचे. मग मुळं जमिनीत सुखरूप राहतात, वरून कुणाला काही दिसत नाही. अडचण एवढीच, की फळं लाल होतात तेव्हाच चोरांनाही झाड दुरून दिसतं. खणायला सरकारी मुभा सप्टेंबरपासून, आणि दुसऱ्याच्या जमिनीत तर कधीच नाही. पण चोर काही कॅलेंडर बघून येत नाही, आणि जंगलाला कुलूप कुठं लावायचं?

तेव्हा फळं लाल होईपर्यंत राखण करायची. आणि ती रेनावर आली होती, कारण दुसरं होतं कोण? नवरा, कोल्बी, पाइपलाइनच्या कामावर टेक्सासला. महिन्याकाठी घरी आला तर आला.

"आपण तिथं कॅमेरा लावू या ना, पॅप," तिनं सुरुवातीला सुचवलं होतं.

"लाव की. आणि त्याच्याखाली 'इथंच आहे' अशी पाटीही लाव."

रेना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली होती. शिकल्यानं भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. झालं एवढंच, की प्रत्येक भीतीला नाव मिळालं. कुठल्या गोचिडीनं कुठला ताप येतो, कुठल्या सापाच्या डोक्याचा रंग तांब्यासारखा असतो, कुठल्या लाल फळानं तोंडाची आग होते, सगळं तिला पाठ. रात्री जूनी दर दोन-तीन तासांनी उठायची. ती झोपली की रेना आर्व्हिलच्या खोलीतल्या ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकत पडायची. घरघर थांबली तर? आणि घरघर चालू असतानाच तो थांबला तर? असल्या विचारात उजाडायचं.

सँगकडं जाण्याचे आर्व्हिलचे नियम होते. एकाच वाटेनं दोनदा जायचं नाही. गेलीस त्या वाटेनं यायचं नाही. थांबून बघत राहायचं नाही. रेनानं मान डोलावली होती. पण पाठीवर पोर असलेल्या बाईला रोज नवी वाट कुठली परवडायला? घसरली तर पोरीसकट घसरायची. पहिल्या दिवशी जी वाट बरी वाटली तीच तिनं धरली. आडव्या झाडावरून, ओहोळातून, नेच्यांच्या रानातून. पुढं पुढं तिनं वाटेतली खाजरी झुडपं विळ्यानं छाटली, जूनीच्या पायांना लागतात म्हणून. ओहोळात चिखल होता तिथं सपाट दगड टाकले. पालापाचोळा बाजूला केला, साप दिसावा म्हणून. पॅपला यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी डॉयल यायचा. ओमाचा धाकटा भाऊ, म्हणजे कोल्बीचा मामा. साठी उलटलेला, एका गुडघ्यानं अधू, हातात काठी. काठीच्या टोकाला चपटं लोखंड होतं. असली काठी सँग खणायला असते हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण कुणी विचारलंच तर डॉयल म्हणायचा, "सापासाठी."

तो येताना परसातले टोमॅटो आणायचा, रेनाच्या गाडीचं तेल बघायचा, जूनीसाठी टोपीतून नाणं काढून दाखवायचा. आर्व्हिल आणि तो तासन्‌तास बोलायचे. पाऊस, बेसबॉल, कोण मेलं, कुणाची पोरगी कुणाबरोबर. सँगचं नाव नाही. ओमा हॉस्पिटलात असताना डोंगर कुणी उकरला याबद्दल आर्व्हिलच्या मनात एकच नाव होतं, आणि ते नाव त्याच्यासमोर बसून टोमॅटोला मीठ लावून खात असे.

"काय दाजी, तब्येत सुधारलेली दिसते," डॉयल म्हणायचा.

"तुला वाईट वाटलं असेल."

"छे! तुमच्या मयताला घालायचा कोट अजून धुवायला टाकला नाही मी."

"घाई करू नकोस. तुझ्याच मयताला मी येतो की नाही बघ."

आणि दोघं हसायचे. आर्व्हिलचं हसणं खोकल्यात जायचं. रेना स्वयंपाकघरातून डॉयलकडं बघत राहायची. तो हसतानाही नजर डोंगराकडं जाते का, हे.

महिन्याच्या मध्यावर जूनीचा कान दुखायला लागला. रेना तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि येताना समोरच्या डोंगरावरच्या रस्त्यानं आली. वळणावर पोरीला उलटी झाली. रेनानं गाडी बाजूला घेतली, तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं, आणि सहज मान वर करून पलीकडं आपल्या डोंगराकडं पाहिलं.

केसांत भांग पाडावा तशी हिरव्यागार नेच्यांमधून एक सरळ रेघ वर गेली होती. घरामागून निघालेली. ओहोळ ओलांडून चढलेली. आणि मेपलच्या सावलीत जाऊन संपलेली.

तिच्याच पायांनी काढलेली.

हा रस्ता काही एकट्या तिचा नव्हता. पोस्टाची गाडी इथून जायची. शाळेची बस जायची. सगळं खोरं जायचं.

संध्याकाळपर्यंत तिनं ते पोटात ठेवलं. घेवडा शिजवला, मक्याचा पाव भाजला, आर्व्हिलला वाढलं. मग त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पावाचा तुकडा घेवड्यात बुडवत राहिला.

"दगडसुद्धा टाकलेस?"

"चिखल होता, पॅप."

"पायऱ्याच करायच्या होत्यास. कठडा लावायचास." मग जरा वेळानं म्हणाला, "नेचा एकदा दबला की यंदा उठत नाही. आता जायचं बंद कर."

रेनाला त्या वळणापासून हाच विचार छळत होता, आणि तो आता तोंडातून निघाला. "बंद केलं तर वाट तिथंच संपलेली राहते. जिथं वाट संपते तिथं माणूस थांबतो आणि खाली बघतो."

आर्व्हिलनं पहिल्यांदा मान वर केली.

"वाट पुढं न्यायला हवी," ती म्हणाली. "तिथं न थांबता. वरच्या सपाट खडकापर्यंत. तिथं मोबाईलला रेंज येते. खाली कुणाच्याच घरी येत नाही. नवरा परगावी असलेली बाई रोज रेंजसाठी वर चढते, यात कुणाला नवल वाटणार नाही."

"आणि सँग?"

"सँगच्या शेजारून जायचं. बघायचं नाही."

"तुला जमेल? न बघणं?"

रेनानं त्याचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवसापासून चढ दुप्पट झाला. आधी सँगपर्यंत जीव जायचा, आता तिथून पुढं खडकापर्यंत. मुद्दाम पाय घासत चालायचं, म्हणजे वाट लवकर पडते. वर एक घोंगडी ठेवली, जूनीचे लाकडी ठोकळे ठेवले, फांदीला दोरीचा झोका बांधला. खडकावर बसून ती खरंच कोल्बीला फोन करायची.

"बरी आहेस ना?" तो विचारायचा. मागं यंत्रांचा आवाज.

"बरी आहे."

"आवाज दमलेला वाटतोय."

"चढून आले ना," ती म्हणायची. ते खरंही होतं.

सगळ्यात अवघड होतं ते न बघणं. ज्या पोरीचा श्वास चालू आहे का हे रात्रीतून दहादा बघायचं, तिच्याच आईनं चार हातांवरची झाडं डोळ्यांआड करून जायचं. मान पुढं ठेवून ठेवून तिला मानेत उसण भरली. आर्व्हिलनं विचारलं की म्हणायची, "डोळ्याच्या कोपऱ्यातून हिरवीच वाटली."

"कोपऱ्यातून!" तो म्हणायचा. "कोपऱ्यातून तर मलाही तरुणपण दिसतं."

आणि एका सकाळी डोळ्याच्या त्याच कोपऱ्यात काहीतरी लाल लागलं.

ती दहा पावलं पुढं गेली आणि थांबली. पाना-बिनाचा रंग असेल. कार्डिनल पक्षी असेल. पण मग राहवलं नाही. जूनी त्या दिवशी पाठीवर बसायला तयार नव्हती म्हणून कडेवर होती. तिला तशीच घेऊन रेना वाट सोडून आत वळली आणि ओंडक्याशी उकिडवी बसली.

गुडघ्याएवढी झाडं. चार-चार हात पसरलेले, प्रत्येक हाताला पाच पानं, आणि मधोमध लालभडक घोस. सगळे लाल. ती बघतच राहिली. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. दमलेलं माणूस कुठंही बसलं की उठायला वेळ लागतोच. शेवटी जूनीनं केस ओढले तेव्हा ती उठली, वाटेला लागली आणि खडकावर जाऊन घोंगडीवर आडवी झाली. आज संध्याकाळपर्यंत वेचायचं, पेरायचं, खुडायचं. एकटीनं. पोरीला सांभाळत. कसं, ते तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. खडकावर लोखंड वाजल्याचा.

"हा! म्हटलं ही वाट जाते तरी कुठं," डॉयल धापा टाकत वर आला. "रस्त्यावरून दिसते. पोस्टातली बाईसुद्धा विचारत होती, आर्व्हिलनं डोंगरावर चर्च बांधलं का म्हणून."

"रेंजसाठी येते मी, मामा." आपला आवाज नीट निघाला याचं तिला नवल वाटलं. "कोल्बीशी बोलायला."

"असं होय." त्यानं खिशातून फोन काढला आणि आभाळाला दाखवला. "मला तर काही येत नाही."

"तुमचा फोन कुठल्या जमान्यातला आहे?"

"माझ्याच जमान्यातला. दोघांनाही ऐकू येत नाही म्हणून मजेत आहोत." तो खडकावर टेकला, गुडघा चोळत. बोलत होता तिच्याशी, पण नजर जमिनीवरून फिरत होती. त्यात विशेष काही नव्हतं. तिथली माणसं चालतानाही पुढं बघत नाहीत, बुंध्याशी बघतात. तरी रेना सरकून त्याच्या आणि उताराच्या मध्ये बसली.

"काय गं जूनीबाई, मुठीत काय लपवलंय? दे बघू मामाआजोबाला."

जूनीनं मूठ उघडली. तळहात लाल झाला होता. आणि हनुवटीही.

रेना झेपावली. तिच्या डोक्यात त्या क्षणी सँग नव्हतंच. होती ती दुसरी लाल फळं, ओलाव्याला येणारी, चावली की तोंडात काचा भरल्यासारखी आग करणारी. तिनं पोरीच्या तोंडात बोट घातलं. "थुंक! जूनी, थुंक ते!" पोर भेदरून रडायला लागली.

"सोड, सोड. असं करशील तर गिळेल ती." डॉयल अधू गुडघ्यावरच खाली आला. त्यानं जूनीची हनुवटी धरली, जिभेवरून अंगठा फिरवला आणि बोट उजेडात धरलं. बोटाच्या टोकावर दोन चपट्या, पांढुरक्या बिया होत्या. फोडलेल्या वाटाण्यासारख्या.

त्यानं त्या पाहिल्या. रेनानं त्याला पाहताना पाहिलं.

"घाबरू नकोस, पोरी," तो हळू म्हणाला. "यानं काही होत नाही. माझी आई तर पोट दुखलं की मूळच चघळायला द्यायची."

जूनीचं रडणं ओसरलं. रेनाला खोटं बोलता आलं असतं. टर्कीनं टाकलं असेल, कुठं सापडलं कुणास ठाऊक. पण ती इतकी दमली होती की खोटं रचायला लागणारा श्वाससुद्धा तिच्याजवळ शिल्लक नव्हता.

"ओमा हॉस्पिटलात होती तेव्हा तुम्ही खणलंत का इथं?" तिनं विचारलं.

डॉयलनं बिया शर्टाच्या टोकाला पुसल्या. "तेव्हा या खोऱ्यात ज्याच्या हाताला धड मनगट होतं तो खणत होता."

"मी तुमचं विचारतेय."

"त्या ओंडक्याआडची राहिली होती ना?"

"हो."

"मग कुणीतरी ती राहू दिली असतील."

ओंडक्याची गोष्ट आर्व्हिलनं कोल्बीला सांगितली होती आणि तिला. तिसऱ्या कुणाला नाही. रेना त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं नजर चुकवली नाही.

"खोऱ्याच्या खालच्या अंगाच्या पोरांनी पण ही वाट बघितलीय," तो म्हणाला. "आज नाहीतर उद्या येतील. ती पोरं काही ठेवायची नाहीत. तुझ्या जागी मी असतो तर इथं बसलो नसतो."

"मला एकटीला व्हायचं नाही."

"नाहीच व्हायचं."

त्यानं स्वतःहून काही म्हटलं नाही. तिलाच म्हणावं लागलं. "या मग. पण पानं मी खुडीन."

"खूड की. मी कुठं हात धरलाय?"

दुपार होईपर्यंत ते लावत होते. जूनीला घोंगडीवर ठोकळ्यांत बसवलं, दोघांच्या मध्ये. रेनानं घोस तोडले, फळं चुरडून बिया मोकळ्या केल्या, आणि निम्म्या डॉयलच्या टोपीत ओतल्या. तो काठीच्या लोखंडानं पाचोळा सारायचा, बोटाच्या पेराएवढं भोक पाडायचा, बी टाकायचा, बुटानं दाबायचा, पाला परत ओढायचा. पुढं. खाली वाकून उठताना प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून एक शिवी निघायची. पोर ऐकतेय म्हणून अर्धीच. ती उतारावर वर जायची, तो आडवा. बी संपत आलं तसे दोघं एकमेकांपासून लांब गेले. तो झाडाआड दिसेनासा झाला की रेनाचा हात थांबायचा.

एकदा तो परत आला तेव्हा तिची नजर त्याच्या खिशांवर होती. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

"रुमाल. तंबाखू. आणि हे दाताच्या डॉक्टरचं कार्ड, तिकडं मी जाणार नाही. बूट पण काढू?"

"काढा," रेना म्हणाली.

तो हसला. तिला हसू आलं नाही.

मग तिनं एकेक देठ जमिनीलगत खुडला. थोरल्या झाडांचेसुद्धा. सगळा पाला ओढ्यात सोडून दिला. मागं वळून पाहिलं तर नुसता डोंगर होता. पाचोळा, नेचे, मेपल. काहीच राखण्यासारखं नाही असा.

आर्व्हिलला तिनं काहीच लपवलं नाही. बी पडलं, उतारभर पडलं, हे ऐकून त्यानं डोळे मिटले. डॉयलचं नाव ऐकून उघडले.

"चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यास."

"किल्ल्या माझ्या दोन हातांत मावत नव्हत्या, पॅप. एका हातात पोर होती."

त्यानं रेडिओ मोठा केला. त्या रात्री तो जेवला नाही. पुढच्या रविवारी डॉयल आलाच नाही. गुडघा सुजलाय, असा निरोप आला. आर्व्हिल नुसता हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

मध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस झाला. तो थांबल्यावर रेना वर गेली, पण वाटेनं नाही. ओढ्याच्या अंगानं, झाडांना धरत, पाठीवरची पोर सांभाळत, दर पावलाला जीव मुठीत धरून. उतारावर कुणाच्या पावलांची खूण नव्हती. पाला जसाच्या तसा होता. ती निम्मी परत वळली होती. पण ओंडक्याशी जाऊन तिनं पाला सारला, कारण सारल्याशिवाय तिला राहवणारच नव्हतं.

तिथली माती मऊ होती.

खड्डे दोन. ओंडक्याला लागून जी सगळ्यात थोरली दोन होती, त्यांचे. खड्डे भरलेले, माती दाबलेली, वर पाला इतक्या हळुवार हातानं पसरलेला, की खाणाखुणा ठाऊक नसलेल्याला जन्मात कळलं नसतं. शेजारच्या रोपांना धक्का नव्हता. तिनं बोटानं उकरून एकेक मूळ चाचपून पाहिलं. सगळी होती. पुढं-मागं, वर, कडेला, सगळी होती.

घरी येऊन ती ओसरीच्या पायरीवर बसली. जूनी पाठीवरच झोपली होती.

"दोन गेलीत, पॅप."

"कुठली?"

"ओंडक्याजवळची. थोरली."

"आणि बाकी?"

"बाकी आहेत. मी सगळी बघितली."

"उकरून टाकलंय?"

"नाही. खड्डे बुजवलेत. वर पाला पसरलाय."

नळीतून हवेची सूं सूं येत होती. मग त्याच्या छातीत काहीतरी हललं. तिला वाटलं खोकला, पण तो हसत होता.

"दोनच!" तो म्हणाला. "अख्खा डोंगर माहीत असताना दोनच?"

"दोनच म्हणजे? चोरी ती चोरीच ना?"

"चोरी कुठली. त्यानं आपली मजुरी घेतली. न विचारता घेतली, एवढंच. विचारलं असतं तर मी दिली नसती, हे त्याला माहीत आहे." श्वास घ्यायला थांबला. "आता खालच्या अंगाची पोरं वर चढली ना, तर तो गुडघा सुजलेला असतानासुद्धा त्यांना काठी घेऊन पळवील. आपलं म्हणून राखील. ओमा गेली तेव्हा असा वाटा त्याला कुणी दिला असता तर..." बाकीचं त्यानं सोडून दिलं.

"आणि पुढच्या वर्षी आणखी दोन घेईल."

"घेईल."

"मग तुम्ही खूश कशाला होताय?"

"खूश कोण आहे? मला रडायला हवा पुरत नाही, म्हणून हसतोय." त्यानं खुर्ची जरा पुढं झुकवली. "मी गेल्यावर तुला एकटीनं तो उतार राखता आला असता का?"

रेनानं पाठीवरची पोर सावरली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे ठरवायलाही अंगात ताकद नव्हती. थोरल्या दोन झाडांची आठवण आली. लाल घोस, पसरलेले हात. ती दोन आता डॉयलच्या माळ्यावर दोरीला वाळत असतील, सुरकुतत. आणि उतारावर, पाचोळ्याखाली, कुणालाही न दिसणारं ते सगळं बी. जूनी शाळेत जायला लागेपर्यंत त्याला तीन पानांच्या वर काही येणार नाही.

"आत ये. पाय तरी पूस," आर्व्हिल म्हणाला.

"येते."

पण ती उठली नाही. पाठीवर पोरीचं ओझं होतं, उबदार, सैल, झोपेनं दुप्पट झालेलं. बुटांना ओढ्याचा चिखल होता. नाड्या सोडायला वाकलं तर जूनी जागी होईल, म्हणून ती तशीच खांबाला टेकून बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.